मागून आलेली हाक

सासरे कंडक्टर होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, खाकी कपडे गेले, खांद्यावरची चामड्याची पिशवी गेली. पण कंडक्टरकी काही अंगातून उतरली नव्हती. कुणी दारातच चपला काढत रेंगाळलं की आतून आवाज यायचा, "दरवाजात गर्दी नको, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!" आत जागा कुठली असायला, दोन खोल्या आणि एक हॉल. स्वयंपाकघराच्या दारात सून आणि ते समोरासमोर आले तर म्हणायचे, "आधी उतरणारे, मग चढणारे." लग्नानंतर सून पहिल्यांदा नोकरीवर निघाली तेव्हा त्यांनी तिला उंबऱ्यात अडवून हात पुढे केला होता. "तिकीट?" ती इतकी बावरली की पर्स उघडून खरोखरच काहीतरी शोधायला लागली. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं, "अगं जा तू, त्यांनी मलाही पहिल्या दिवशी असंच छळलं होतं."

सासूबाई गेल्या आणि घर थोडं गप्प झालं. मग नात झाली, आणि ती चालायला लागली तशी घरातली बस पुन्हा सुरू झाली. आईबापांनी पुस्तकं धुंडाळून, चार जणांना विचारून तिचं एक सुंदर नाव ठेवलं होतं. सासऱ्यांनी तिला एक दिवस स्वतःभोवती गरगर फिरताना पाहिलं आणि म्हणाले, "ही तर भिंगरी." झालं. ते सुंदर नाव दाखल्यापुरतं उरलं.

सुनेची लांबवलेली रजा संपली तेव्हा भिंगरीला कोण सांभाळणार हा प्रश्नच आला नाही. आजोबा होते. धडधाकट होते, नातीवर जीव टाकत होते, आणि दिवसभर घरातच होते. लोक हेवा करायचे. "नशीबवान आहेस गं," ऑफिसात बायका म्हणायच्या. ती हसायची, आणि हसता हसता तिच्या मनात यायचं, आत्ता भिंगरीच्या तोंडात काय असेल?

कारण तिचा स्वभावच तसा झाला होता. बाळंतपणानंतर ती फार वाचायची. गळ्यात काय अडकतं, बोट कशात सापडतं, किती पाण्यात मूल बुडू शकतं, सगळं वाचलेलं. वाचून शहाणपण आलं की नाही कोण जाणे, झोप मात्र गेली. त्यात कामही असं, की जखमेवर मीठ. कंपनीत खालच्या मजल्यावर पोरं-पोरी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची, आणि वरच्या मजल्यावर बसून ही त्यांचं साठवलेलं बोलणं कानाला लावून ऐकायची. गुण द्यायचे. सुरुवात गोड केली का, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं का, चूक झाली तेव्हा मान्य केली की "सिस्टिम बंद होती" म्हणून हात झटकले. हात झटकले की गुण कापायचे. दिवसभर दुसऱ्याच्या चुका वेचत बसलं की माणसाला घरातही खडेच दिसू लागतात.

शेजारच्या टेबलावर एक अनुभवी आई होती. दोन मुलांची. तिनेच विषय काढला.

"तू अजून कॅमेरा नाही लावलास? कुठल्या जगात राहतेस गं?"

"घरी सासरे असतात. परकं कुणी नाही."

"मग तर लावच. परक्याला निदान विचारता तरी येतं."

हे वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. खोटं नव्हतं ते. सासऱ्यांना कसं विचारणार, की तुम्ही दुपारी डुलकी काढता तेव्हा पोर काय करते? आठवड्याच्या आत कॅमेरा आला. मुठीएवढा पांढरा गोळा. नवऱ्याने तो हॉलमधल्या कपाटावर बसवला आणि तिच्या मोबाईलवर सगळं जोडून दिलं.

सासरे खाली उभे राहून मान वर करून बघत होते. "हे काय नवीन?"

"चोरांसाठी, बाबा," ती म्हणाली. "हल्ली चोऱ्या फार वाढल्यात."

सासऱ्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गोळ्याकडे. "चोर येणार दारातून, आणि ह्याचं तोंड आमच्या सतरंजीकडे. बरं बरं. चोर हौशी असणार. आधी थोडं खेळून घेईल, मग चोरी करेल."

नवरा हसला. ती पण हसली, पण तिचे कान तापले. सासऱ्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने मोबाईल उघडला. सासरे गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सतरंजीवर बसले होते. घरात ते बनियनवर असायचे. त्यांनी मान वर केली आणि गोळ्याकडे बघून खणखणीत आवाजात सांगितलं, "कंट्रोल, कंट्रोल, गाडी वेळेवर सुटली. प्रवासी एक. तेही बिनतिकिटाचं." भिंगरी टाळ्या वाजवत होती. इकडे सुनेला हसू आवरेना. शेजारणीलाही दाखवलं. मग हसू ओसरलं तसं तिच्या लक्षात आलं, की त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळूनही त्यांनी तिची लाज राखली होती. तिला वाटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर भिंगरीला ताप होता, आणि बोलायचं राहिलं.

पुढच्या दिवसांत तिला जे दिसलं त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. सासरे वेळेवर भरवायचे, हात धुवायचे, पुन्हा धुवायचे. पूर्वी ते नातीला छातीवर घेऊन तिथेच सतरंजीवर पडायचे आणि दोघं घोरायची. आता भिंगरी झोपली की ते शेजारी ताठ बसून राहायचे, फोटो काढायला बसल्यासारखे. ती ऑफिसातून बघायची आणि तिला बरं वाटायचं. मनातल्या मनात गुण द्यायची. पैकीच्या पैकी.

त्या गोळ्यातून बोलताही येतं हे तिला मागाहून कळलं. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, घरात आवाज येतो. एकदा भिंगरीचं नाक वाहताना दिसलं आणि तिने बटण दाबलं.

"बाबा, तिचं नाक पुसा."

सासरे केवढ्याने दचकले! हातातलं खेळणं पडलं. पण लगेच ते उठून उभे राहिले, अंग पूर्ण वळवून गोळ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हो हो, पुसतो. लगेच पुसतो." मग परत वळून नाक पुसलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, आज काळजाचं पाणी झालं माझ्या. मला वाटलं आकाशवाणीच झाली."

"पण तुम्ही उठून का उभे राहिलात? तसंच बोललात तरी मला ऐकू येतं."

"सवय गं. जन्म गेला त्यात. गाडीत मागून 'ओ मास्तर' म्हणून हाक आली आणि आपण पाठ करून उभे, तर माणसाला वाटतं ह्याला माज आलाय. कितीही गर्दी असू दे, हातात नोटा असू देत, आधी पूर्ण वळायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात."

ती भिंगरीचे कपडे बदलत होती. "हं," म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. बाबा, टीव्ही लहान करा. बाबा, तिने पाणी प्यायलं का? बाबा, बाल्कनीचं दार. प्रत्येक वेळी सासरे हातातलं टाकून वळायचे, तोंड दाखवायचे, "हो" म्हणायचे. नवरा एकदा चेष्टेत म्हणाला, "तू बाबांना रिमोटवर चालवतेस."

"मग तू बस ना घरी," तिने फटकारलं. "तुझ्या डोक्यात नसतं काही म्हणून मला ठेवावं लागतं."

"बरं बाई, चालव. बॅटरी मात्र जपून वापर, जुनं मॉडेल आहे."

सासरे पेपरच्या आडून म्हणाले, "जुनं मॉडेल ढकलून का होईना, चालतं. तुमची नवीन रस्त्यात बंद पडतात."

तिघंही हसली होती. आता आठवलं की तिला ते हसू नकोसं होतं.

त्या दिवशी सकाळीच तिच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. तिने दिलेले गुण फार कडक आहेत, खालच्या मजल्यावरची माणसं सोडून चालली आहेत, जरा माणुसकीने ऐका, असं काहीबाही. ती खालमानेने बाहेर आली. डोळे भरलेले कुणाला दिसू नयेत म्हणून पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि सवयीने मोबाईल उघडला. जरा पोरीला बघावं, बरं वाटेल.

हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावलेल्या होत्या. खुर्च्यांवर बाहुल्या, उशी, एक पातेलं, असे प्रवासी. पडद्याच्या दांडीला सासऱ्यांनी एक दोरी बांधली होती, जुन्या बसमधल्या घंटीच्या दोरीसारखी, आणि भिंगरी पुढच्या स्टुलावर उभी राहून, टाचा उंचावून ती दोरी ओढत होती. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. सासरे स्टुलाला अगदी लागून उभे होते. त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे होती, त्यामुळे त्यांचा डावा हात कुठे आहे ते दिसत नव्हतं. तिला फक्त दिसत होतं, की पोर स्टुलाच्या कडेवर टाचा उंचावून उभी आहे आणि खाली फरशी आहे.

तिने बटण दाबलं. हळू बोलायचं असतं हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"बाबा! अहो बाबा, पडेल ना ती!"

सासरे वळले.

पूर्ण वळले, तोंड दाखवायला. आणि डावा हात, जो भिंगरीच्या कमरेभोवती होता, तो त्यांच्याबरोबर वळला. तोंडातून "हो" निघालंसुद्धा. त्यांच्या खांद्याआडून भिंगरी दिसेनाशी झाली. मग आवाज आला, खुर्ची सरकल्याचा, पातेलं घरंगळल्याचा, आणि त्यानंतर एक क्षण काहीच नाही. तो क्षण. मग भिंगरीचं रडणं.

तिचं बोट बटणावरच होतं. "बाबा! बाबा! काय झालं? बाबा!" ती ओरडत होती, आणि घरात तो गोळा ओरडत होता. सासरे खाली बसले होते. पोर त्यांच्या छातीशी होती, इस्त्रीच्या शर्टावर लाल डाग पसरत होता. तरीही हाक आली म्हणून त्यांनी तसंच तोंड वर केलं. "थांब गं... थांब. हनुवटी फुटलीय. मी नेतो. मी नेतोय दवाखान्यात."

ती दवाखान्यात पोचेपर्यंत टाके पडले होते. डॉक्टरीणबाई शांत होत्या. "मुलं पडायचीच," त्या म्हणाल्या. "डोक्याला काही नाही, डोळे स्वच्छ आहेत, उलटी नाही. बारीक वण राहील, तोही हनुवटीच्या खाली." भिंगरी आजोबांच्या खांद्यावर हुंदके देत झोपली होती. आईकडे द्यायला गेले तर तिने त्यांची कॉलर धरून ठेवली.

नवरा तेवढ्यात धावत आला. घामाघूम. त्याने आधी पोरीकडे पाहिलं, मग बापाच्या शर्टाकडे.

"कसं झालं हे?"

"माझा हात सुटला," सासरे म्हणाले.

"सुटला म्हणजे? होती कुठे ती?"

"स्टुलावर. बस-बस खेळत होतो. हात सुटला."

"स्टुलावर?" नवऱ्याचा आवाज चढला. बाकावरच्या दोन बायकांनी मान वर केली. "बाबा, एवढ्याशा पोरीला स्टुलावर?" मग तो बायकोकडे वळला. "कॅमेऱ्यात असेल ना. बघू नेमकं काय झालं ते."

मोबाईल तिच्या मुठीत होता. गरम झालेला.

"तेव्हा नेट गेलं होतं," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून कसं गेलं तिलाही कळलं नाही. विचार करून खोटं बोलणारी माणसं निराळी. तिच्या तोंडून भीती बोलली. आईनेच पाडलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी तिला पाहिजे होतं. खालच्या मजल्यावरची पोरं "सिस्टिम बंद होती" म्हणतात तेव्हा तिला त्यांच्या आवाजातला कापरा बरोबर ऐकू यायचा आणि ती निर्दयपणे गुण कापायची. आज स्वतःच्या आवाजात तिला तो कापरा ऐकू आला नाही, इतकं ते सफाईने निघालं.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता बोलतील. त्यांनी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, घरी जाऊ. भूक लागली असेल तिला उठल्यावर."

घरी आल्यावर नवरा जे बोलला ते वाईट होतं. वाईट अशासाठी, की तो ओरडून बोलला नाही, समजुतीने बोलला. "बाबा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण वय झालंय. आता तुमच्याच्याने नाही होत. उद्या काही झालं तर तुम्हालाच वाईट वाटेल." सासरे खुर्च्या परत टेबलाला लावत होते. "खरं आहे," म्हणाले. मग स्टुलावर स्वतः चढून त्यांनी पडद्याच्या दांडीची दोरी सोडली. गाठ पक्की होती, बराच वेळ लागला. नवरा म्हणाला, "राहू द्या, मी काढतो." ते म्हणाले, "मी बांधली, मीच सोडतो."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत्ता सांगावं, तिला वाटलं. नवऱ्याला पाणी देऊन सांगू. पाणी दिलं. मग वाटलं, भिंगरी उठू दे. भिंगरी उठली, पट्टी लावलेली हनुवटी वर करून खुर्च्यांकडे गेली. "आबा, बस?"

"बस बंद," सासरे म्हणाले.

"का?"

"संप आहे. कंडक्टरचा संप."

पोरीला संप म्हणजे काय ते कळलं नाही. तिने स्वतःच एक खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, आणि सासरे पटकन दोन पावलं मागे सरले. पुढे नाही, मागे. ते सुनेने पाहिलं.

मग सगळं भराभर झालं, जसं आजकाल होतं. पाळणाघर शोधलं, चांगलं होतं, रंगीत भिंती, आणि पालकांना दिवसभर मोबाईलवर बघता येईल असे कॅमेरे प्रत्येक खोलीत. सासऱ्यांनी मुलीला फोन केला. सुनेची ही नणंद दुसऱ्या गावी राहायची, दोन मुलगे, मोठं घर. "थोडे दिवस ताईकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "तिकडची हवा बरी आहे." हवेबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढला नव्हता. निघताना त्यांनी भिंगरीचा पापा घेतला, तोही ती पलंगावर बसलेली असताना, वाकून. सुनेला म्हणाले, "जपून राहा. फार काळजी करू नकोस." ती म्हणाली, "बाबा, मला..." आणि खालून गाडीचा हॉर्न वाजला. "आलो रे," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

मोबाईलमधलं चित्रण आठवड्याभराने आपोआप पुसलं जायचं. ती ते पुसत नव्हती, आणि जपूनही ठेवत नव्हती. रोज सकाळी बघायची, आहे का अजून. एक दिवस ते नव्हतं. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. ते बघायला मोबाईल लागतच नव्हता.

पाळणाघरातल्या कॅमेऱ्यात भिंगरी छान दिसायची. रांगेत बसायची, पेला दोन्ही हातांनी धरायची. सांभाळणाऱ्या बाई सांगायच्या, "फार गुणी आहे, काही त्रास नाही." गरगर फिरताना मात्र ती एकदाही दिसली नाही. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बघ, किती शांत झाली. मी म्हटलं नव्हतं?" सुनेने मोबाईल उलटा ठेवला.

नवऱ्याला तिने सांगितलं ते एका रविवारी, कपडे वाळत घालताना. त्याच्या हातात ओली चादर होती आणि तिच्या हातात दुसरं टोक. झटकायच्या आधी ती म्हणाली, "नेट गेलं नव्हतं रे." बाकीचं आपसूक निघालं. ओरडले मी. ते वळले. त्यांनी तिला धरलं होतं, घट्ट धरलं होतं, मला दिसत नव्हतं एवढंच.

नवरा चादर धरून तसाच उभा राहिला. तो चिडेल म्हणून तिने अंग चोरलं होतं. तो चिडला नाही. "मी त्यांना म्हटलं, वय झालंय," तो म्हणाला. मग, "तू उभी होतीस ना तिथे? दारात?"

"होते."

चादर दोघांनी मिळून वाळत घातली, आणि तशीच गाडी काढून तिघं नणंदेकडे निघाली.

नणंदेने दार उघडलं. "या. मला वाटलं, आता फोनवरच नातं चालणार." ती तशी मायाळू होती, पण बोलताना एखादी टाचणी टोचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "बाबा मागे आहेत, झाडांना पाणी घालतायत. झाडांशी बरं चाललंय त्यांचं. माझ्या धाकट्याला मात्र आल्यापासून एकदा उचललं नाही. तो हात वर करतो, हे म्हणतात आईकडे जा. पूर्वी खाली ठेवत नव्हते पोरांना. काय झालंय त्यांना?"

तेवढ्यात सासरे मागच्या दाराने आत आले. जरा वाळले होते. भिंगरीला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की सुनेला दुसरीकडे बघावं लागलं.

चहा झाला. नवऱ्याने घसा खाकरला, पण ती म्हणाली, "मी सांगते." आणि नणंदेसमोर, नणंदेच्या नवऱ्यासमोर तिने सांगितलं. पाठ केल्यासारखं, खाली कपाकडे बघत. "बाबा, हात तुमच्या चुकीने सुटला नव्हता. मी ओरडले म्हणून सुटला. मी दवाखान्यात खोटं बोलले. तुम्ही परत घरी चला."

नणंदेने "अगं..." म्हणून तोंडावर हात ठेवला. सासरे अवघडले. चोरी त्यांचीच पकडली गेल्यासारखे.

"ठाऊक आहे की मला," ते म्हणाले. "मी तिथेच होतो ना."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" नवरा म्हणाला. "मी तुम्हाला काय काय बोललो!"

"काय बोलायचं? तिने हाक मारली. आई आहे, मारणारच. मी असतो तर मीही मारली असती." ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. "हे बघ सूनबाई. चालत्या गाडीत किती जणांना धरलंय मी. म्हाताऱ्या माणसांना, पोटुशा बायांना, शाळेच्या पोरांना. मागून हाका चालूच असायच्या. वळायचो की. पण वळताना धरलेला हात कधी सुटला नाही. हा सुटला. तू हाक मारलीस हे खरं, आणि सुटला हेही खरं. तुझं तू कबूल केलंस, बरं वाटलं मला. पण माझं कोण कबूल करणार?"

"एकदा झालं म्हणून काय..." नणंद म्हणाली.

"एकदाच होतं गं. नुसत्या टाक्यांवर निभावलं, थोडक्यात गेलं." ते हसले. "तुम्ही येत जा. मी आहे इथे. सांभाळायला मात्र सांगू नका."

सुनेने पुष्कळ सांगून पाहिलं. कॅमेरा काढून टाकते म्हणाली. ते म्हणाले, "काढू नकोस गं, चोर येतात." त्यावर कुणालाच हसता आलं नाही, त्यांनाही नाही. ती काकुळतीला आली, नवऱ्याने हात धरला, आणि सासरे प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले, "हो, हो, खरं आहे," असं. गुण द्यायचे तर पूर्ण द्यावे लागले असते. फक्त ते यायला तयार नव्हते.

निघताना सासरे फाटकापर्यंत आले. भिंगरी दिवसभर त्यांच्या मागे मागे होती. आता तिने दोन्ही हात वर केले. "आबा, वर! वर घे!"

"वर नको," ते म्हणाले. "खालीच बसू आपण. खाली छान आहे." आणि फाटकाच्या पायरीवर, गुडघ्यांवर हात टेकून, ते सावकाश खाली बसले. पाय पसरले, जमीन चाचपल्यासारखी केली, आणि मग पोरीला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांचा वेढा घातला आणि बोटांत बोटं अडकवली.

गाडी सुरू झाली होती. भिंगरी चुळबुळली. "सोड ना, आबा." त्यांनी सोडलं नाही. सून पुढे झाली, पण ते तिच्याकडे बघत नव्हते, पोरीच्या टाळूकडे बघत होते. शेवटी नवरा उतरला, खाली वाकला, मुलीच्या दोन्ही काखांत हात घातले. "घेतली, बाबा," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे ती. घेतली मी." असं त्याने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांची बोटं एकेक करून उघडली.